गढूळ पाण्याचा चोर वेगळा, नितळ पाण्याचा वेगळा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी गणपती बसलेले, त्या दिवशी गौरी जेवणार म्हणून मी पहाटे साडेपाचलाच डाळ शिजायला टाकली होती आणि फोन वाजला. शेतावरून दादांचा. दादा म्हणजे आमचं शेत बटाईनं करणारे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. म्हणाले, "भाभी, तलाव की मछली मरी री हे." पुरणाच्या दिवशी मेलेल्या मासळीची बातमी, सासूबाईंना सांगायची की नाही हाच आधी प्रश्न. नाही सांगितली. नैवेद्य झाला, सवाष्णी जेवल्या, आणि दुपारी मी आणि नवरा गाडी काढून निघालो.

शेत आमचं इंदूरजवळ, हातोदच्या पुढं, देपालपूर रस्त्याला. बारा बिघा, सगळी काळी माती. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू आणि एका तुकड्यात लसूण. खालच्या कोपऱ्यात सरकारी अनुदानात खोदलेलं शेततळं आहे, त्यात हौसेनं रोहू-कटला सोडलेले. जाऊन पाहतो तर पाणी म्हणजे कोणी मेंदी कालवून ठेवल्यासारखं, आणि काठाला पांढरी पोटं वर. मला पहिल्यांदा वाटलं कोणीतरी विष टाकलं. नवऱ्याला वाटलं कुठल्या तरी कारखान्याचं पाणी आलं. कारखाना तिथं पाच-सहा किलोमीटरमध्ये एकही नाही हे दोघांनाही माहीत, पण इंदूरवाल्यांची ही सवयच आहे, पाणी खराब झालं की बोट दुसऱ्याकडं. लहानपणापासून शहरातल्या कान्ह नदीचा नाला झालेला बघतोय, ते पाणी पुढं उज्जैनला त्रिवेणीपाशी शिप्रेत जातं, म्हणजे घाण करणारं शहर आणि बिचारी शेतं असं डोक्यात पक्कं बसलेलं.

ओळखीतले एक काका मत्स्य विभागातून रिटायर झालेत, त्यांना दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी पाण्यात हात घातला, बाहेर काढला, वास घेतला आणि म्हणाले विषबिष काही नाही, हे शेवाळ आहे, अगदी बारीक, पाण्यात तरंगणारं. दिवसा ऊन असतं तेव्हा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळं पहाटे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात चार दिवस आभाळ भरून होतं, म्हणजे दिवसाची कमाई बंद आणि रात्रीचा खर्च चालू. मासे गुदमरले. मग जाता जाता ते एक बोलले ते मला आजपर्यंत टोचतंय, "शेवाळाला जेवायला कोण घालतंय ते शोधा."

आता शोधायचं काय होतं त्यात, खताच्या गोण्या तर आमच्याच होत्या.

घरी येऊन मी वही काढली. (मी अकाउंट्समधली बाई, मला रडू यायच्या आधी बेरीज येते.) युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे गोणीमागे २० किलो ७०० ग्रॅम. डीएपी हे आमचं दुसरं रासायनिक खत, त्याची गोणी ५० किलोची, १८ टक्के नायट्रोजन आणि ४६ टक्के फॉस्फरस, तो पण शुद्ध फॉस्फरस नाही, ऑक्साईडच्या रूपात मोजलेला, शुद्ध धरला तर गोणीत दहाएक किलो. सोयाबीनला शिफारस असते हेक्टरी साधारण २०-२५ किलो नायट्रोजन आणि ६० किलो फॉस्फरसची (तोही ऑक्साईडच्या रूपातच मोजलेला). तो ६० किलो फॉस्फरस डीएपीतून द्यायचा म्हटला तर १३० किलो डीएपी लागतं, आणि त्यातूनच २३ किलो नायट्रोजन आपोआप मिळतं. म्हणजे हिशोब तिथंच संपला. सोयाबीन तर स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन घेणारं पीक. आणि आम्ही त्यावर महिन्याभरानं परत युरिया फेकत होतो. का, तर शेजाऱ्याचं पीक जास्त काळंभोर दिसतं म्हणून. शिवाय गोणी २६६ रुपये ५० पैशांना, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत दोघांनी फिरून नीट खाल्लं तर याच्याहून जास्त जातात, एवढं स्वस्त असल्यावर कोण मोजतंय.

मग मी बाटल्यांचा उद्योग सुरू केला. पुढच्या पावसाळ्यात दादांना दहा-बारा रिकाम्या पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि सांगितलं की पाऊस पडला की शेताच्या तोंडाशी, जिथून पाणी नाल्यात जातं तिथून एक बाटली भरायची, वर तारीख लिहायची. ते हसले. पण भरल्या. आणि मी मासे पाळणारे वापरतात त्या नायट्रेट (युरियातल्या नायट्रोजनचं मातीत होणारं, पाण्यात विरघळणारं रूप) मोजायच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन मागवल्या, पाण्यात बुडवायच्या, रंग जेवढा गडद गुलाबी तेवढं नायट्रेट जास्त. लॅबसारखं अचूक नाही, पण कमी का जास्त एवढं कळतं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाची बाटली म्हणजे चहाच. दोन दिवस ठेवली तर खाली दोन बोटं गाळ. मी म्हटलं हीच ती चोर. पट्टी बुडवली, फिकट. आणि मग जानेवारीत लसणाला पाणी देताना खालच्या बांधातून जे झिरपून बाहेर येतं, अगदी काचेसारखं नितळ, दादा ओंजळीनं पितात ते, त्यात पट्टी बुडवली तर टकाटक गुलाबी. विहिरीच्या पाण्यात बुडवली, रंग ४० आणि ८० च्या मधला. पिण्याच्या पाण्याची आपली सरकारी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

इथं मला जे कळलं ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. शेतातून खत दोन वाटांनी पळतं. फॉस्फरस मातीला चिकटून बसतो, आमच्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यात तर घट्टच बसतो, त्यामुळं तो जातो तो मातीवर बसूनच, गढूळ पाण्यातून. नायट्रेटचं उलटं, चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण, दोघांचं जमत नाही, म्हणून ते विरघळून पाण्याबरोबर सरळ खाली जातं किंवा बाजूनं झिरपतं, दिसत काहीच नाही. आणि युरिया टाकल्या टाकल्या पाऊस आला तर त्याचं नायट्रेट व्हायचीसुद्धा वाट बघायला नको, युरिया तसाच विरघळून वाहून जातो. तर गढूळ पाण्याला जो इलाज तो नितळ पाण्याला चालत नाही आणि लोक (मी पण) एकच इलाज करून मोकळे होतात.

विहिरीचं कळलं त्या दिवशी मी आधी तळ्याचा विचारच केला नाही. दादांची नात तेव्हा चार महिन्यांची, वरच्या दुधावर, आणि दूध विहिरीच्या पाण्यात कालवायचे. उकळून, बरं का. सून बिचारी अभिमानानं सांगत होती, वीस मिनिटं उकळते. आता नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच त्यानं कमी होऊ शकते, बाळ निळं पडतं. नात ठणठणीत आहे, देवाची कृपा. त्या दिवसापासून तिच्यासाठी आरओच्या पाण्याचा कॅन जातो, आरओनं नायट्रेट बरंचसं निघतं. पण त्या दिवशी घरी परतताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो.

बरं, आता गढूळ चोराचं सांगते.

शेत नाल्यापर्यंत नांगरलेलं होतं, अगदी काठापर्यंत, सगळ्यांचंच असतं. ठरवलं की नाल्याच्या बाजूनं गवताचा पट्टा सोडायचा, पाणी गवतातून गाळून जाईल, वेग कमी झाला की माती तिथंच बसेल. पुस्तकात सहा ते दहा मीटर रुंद सांगतात. दादांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला, आणि बरोबर आहे ना, जमीन माझी, पीक अर्धं-अर्धं, पट्टा सोडला तर अर्धं नुकसान त्यांचं, आणि पाणी साफ झाल्याचा फायदा कोणाचा, तर खाली राहणाऱ्या कोणाचा तरी. पर्यावरणाची सगळी भाषणं इथं येऊन अडतात. शेवटी सौदा झाला, पट्टा तीन मीटरचा, आणि त्यातलं गवत पूर्ण दादांचं, माझा हिस्सा शून्य. त्यांनी तिथं नेपिअर लावलं, दोन म्हशींचा हिरवा चारा निघतो, मधेमधे वाळ्याची जुडगी लावली कारण त्याची मुळं खोल जातात आणि काठ धरून ठेवतात. नंतर वाचलं की गवत कापून नेणं हेच खरं महत्त्वाचं, नाहीतर पट्ट्यात फॉस्फरस साठत जातो आणि काही वर्षांनी पट्टाच तो सोडायला लागतो. म्हणजे म्हशींनी आमची चूक व्हायच्या आधीच दुरुस्त केली.

पहिल्या वर्षी पट्टा फेल गेला हेही सांगायला हवं. जुलैत दोन तासांत एवढा पाऊस पडला की सगळं पाणी एकाच खोलगट जागेतून घुसलं, गवताच्या मधून नाली कापली आणि बाकीचा पट्टा कोरडा उभा राहून तमाशा बघत होता. पाणी पसरून, चादरीसारखं यायला पाहिजे तरच गवत काम करतं. मग त्या जागेच्या वर दगडांची एक आडवी ओळ रचली आणि पुढच्या वर्षी सोयाबीन बीबीएफवर पेरलं, म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी, उताराला आडवं. त्याचा फायदा डबल, पाऊस कमी पडला तर सरीत ओल टिकते आणि जास्त पडला तर पाणी सरीतून सावकाश निघतं, पीक पाण्यात उभं राहत नाही. काळ्या मातीचं तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात भेगा अशा की हात जाईल, आणि एकदा भिजून फुगली की पाणी आत घेतच नाही, वरून वाहतं.

तळ्याच्या तोंडाशी एक छोटा खड्डा पण केला, गाळ आधी त्यात बसावा म्हणून. मे महिन्यात तो गाळ काढून वरच्या तुकड्यात परत टाकतो. आपलीच माती, आपलंच डीएपी, ट्रॉलीत घालून घरी.

आणि उकिरडा! हे लिहायला मला लाज वाटते. आमच्या गोठ्याचा उकिरडा वर्षानुवर्षं नाल्याच्या काठावर होता. का, तर तिथं शेतीला जागा लागत नाही. दर पावसाळ्यात त्याचा काळा काढा सरळ नाल्यात. एवढं सगळं गवत-दगड-खड्डा करून झाल्यावर एक दिवस माझं लक्ष गेलं आणि मी कपाळावर हात मारला. आता तो वर, निंबाच्या झाडाखाली नेलाय, भोवती मातीची पाळ आणि पावसात वर ताडपत्री.

यात इंदूरची एक गंमत आहे. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' जगभरात ह्याच नावानं ओळखली जाते. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इथं प्लांट इंडस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये आले, १९३१ पर्यंत होते, आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, राख यांचे थर, ठरल्या दिवशी वरखाली करायचे, साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक आलं त्यावर हॉवर्डांच्या बरोबरीनं नाव आहे यशवंत वाडांचं. हॉवर्डांचं नाव सगळे घेतात, आपल्या वाडांचं कोणी घेत नाही, मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा ही संस्था पाहून गेले होते. आणि त्या संस्थेपासून तासाभराच्या अंतरावर आमचा उकिरडा नाल्यात वाहत होता. असो.

नितळ चोराला मात्र गवत चालत नाही, मूळ चुकवून तो खालून जातो. त्याला एकच, टाकतानाच कमी टाका आणि पिकाला हवं तेव्हा टाका. माती तपासून घेतली, पोटॅश भरपूर निघालं (माळव्यात बहुतेकांचं निघतं), फॉस्फरस चांगला, गंधक कमी. म्हणून सोयाबीनला डीएपी बंद करून सुपर फॉस्फेट सुरू केलं, त्यात फॉस्फरस १६ टक्के आणि वर ११ टक्के गंधक. बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, कल्चर लावलं. सोयाबीनवरचा युरिया बंद म्हटल्यावर दादा नाराज झाले, पीक पिवळं पडेल म्हणाले. मग चाळीस दिवसांनी आम्ही एक झाड मुळासकट उपटलं, मुळावरच्या गाठी नखानं फोडल्या, आतून लालसर गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय, हिरवट किंवा मळकट पांढरी निघाली तर नाही. जास्त युरिया दिला की झाड आळशी होतं, गाठी कमी करतं, फुकट मिळतंय तर कशाला राबायचं. हे दादांना लगेच पटलं, म्हणाले आमच्या धाकट्यासारखं.

गव्हाला हेक्टरी १२० किलो नायट्रोजनची शिफारस, ती आधी आम्ही जवळजवळ सगळी दोनदा ओतायचो, आता तीन हप्ते करतो आणि सोयाबीननंतरचा गहू म्हणून थोडा हात आखडता. लसणाला मुळं उथळ, खाली गेलेलं नायट्रेट त्याला परत सापडत नाही, आणि आम्ही दर आठ-दहा दिवसांनी क्यारे भरभरून पाणी देत होतो. गेल्या वर्षी अर्ध्या लसणाला ठिबक केलं, खत थोडं थोडं पाण्यातूनच. बिल मोठं आलं, नवऱ्यानं त्यावर दोन दिवस भाषण दिलं.

सगळ्यात स्वस्त इलाज मात्र मोबाईल निघाला. युरिया टाकायच्या आधी पुढच्या दोन-तीन दिवसांचा पावसाचा अंदाज बघायचा, मोठा पाऊस असेल तर थांबायचं. बस. आधी उलटं होतं, ढग दिसले की लोक गोणी घेऊन पळतात, पावसात विरघळेल म्हणून. हलकी रिमझिम असेल तर ते ठीकच आहे, काळ्या मातीवर उघडा पडून राहिलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, पण दोन इंच पाऊस पडला तर गोणी सरळ नाल्यातून पुढच्या गंभीर नावाच्या नदीत.

दुकानदाराचं एक सांगायचं राहिलं. गेल्या सीझनला आमच्या खताच्या दुकानात गोणीबरोबर बाटलीतला युरिया घ्यायलाच लागेल म्हणाले. मी परत वही काढली. सुरुवातीला ज्या बाटल्या आल्या त्यांवर नायट्रोजन ४ टक्के लिहिलेलं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत झालं २० ग्रॅम. गोणीत २० किलो. आता पानांवर फवारल्यावर त्याचं काय काय होतं ते शास्त्रज्ञ बघतील, मला हजारपटीचा फरक दिसतो आणि बाटली नको असताना गळ्यात मारलेली दिसते.

यूट्यूबवर या विषयाचं शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात, आयोवा वगैरे, तिथं पण काळी माती आणि सोयाबीन, मका. त्यांच्या शेताखाली पाणी काढायचे पाईप पुरलेले असतात, त्यातून नायट्रेट सरळ ओढ्यात, मग मिसिसिपी, मग मेक्सिकोचं आखात, तिथं २०१७ मध्ये साधारण २२,७०० चौरस किलोमीटर समुद्रात तळाशी ऑक्सिजन फारच कमी उरला होता. आमच्या तळ्यातल्या पहाटेचंच मोठं रूप. ते लोक त्या पाईपांच्या तोंडाशी लाकडाच्या भुश्या-ढलप्यांनी भरलेले खड्डे करतात, त्यातले जिवाणू नायट्रेटचा परत हवेतला नायट्रोजन करून सोडतात. फार भारी आयडिया, पण आमच्याकडं जमिनीखाली पाईपच नाहीत तर खड्डा कशाच्या तोंडाशी करू. हे व्हिडिओ बघून नवरा सुतारकामाच्या दुकानात भुशाचा भाव विचारून आला होता, म्हणून सांगितलं.

आमच्या नाल्याचं पाणी गंभीर नदीला मिळतं आणि गंभीरवर पुढं यशवंत सागर तलाव. होळकरांनी बांधलेला, सारस पक्ष्यांचा, २०२२ पासून रामसर यादीतला (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी), सिरपूरचा तलावही त्याच वर्षी यादीत गेला. शहराच्या काही भागाला नळाचं पाणी यशवंत सागरचं येतं. म्हणजे मासे मेले त्या वर्षी मी शेतात फेकलेला युरिया थोडा का होईना, इंदुरातल्या कोणाच्या तरी माठात गेला असणार, आणि तो कोणीतरी बहुतेक कारखान्यांना शिव्या देत असणार.

यंदाची परिस्थिती अशी. तळं भाद्रपदात हिरवट झालं पण मेंदी नाही झालं, रोहू जिवंत आहेत, सासूबाईंना आता मासळीबद्दल माहीत आहे आणि त्या त्याबद्दल बोलत नाहीत. जूनची बाटली अजूनही गढूळ, पण गाळ दोन बोटांऐवजी पाऊण बोट. सोयाबीन उतरलं तेवढंच, कमी नाही जास्त नाही, खताचा खर्च मात्र कमी. विहिरीची पट्टी अजून गुलाबी आहे, खाली गेलेलं पाणी वर्षा-दोन वर्षांत साफ होत नाही, कॅन चालूच आहे. वरच्या शेतवाल्यानं परवा दादांकडं नेपिअरच्या कांड्या मागितल्या, पाण्यासाठी नाही, म्हशीसाठी. दादांनी दिल्या आणि कुठं लावायच्या तेही सांगितलं म्हणे, नाल्याच्या काठाला.